नेटवर्कवरून बूट केल्यावर "नॉट फाउंड": कमांड जातात कुठे?

मागच्या वर्षभरात हे लफडं माझ्यासमोर चौथ्यांदा आलं, म्हणून आता एकदाचं लिहूनच ठेवतोय, निदान पुढच्या वेळी मलाच शोधायला बरं पडेल. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये २१ मशीन आहेत आणि एकातही हार्ड डिस्क नाही. डिस्क एकेक करून गेल्या, नवीन घ्यायची मंजुरी येईपर्यंत काम चालावं म्हणून मी नेटवर्क बूटचा जुगाड केला, आणि आपल्याकडे जसं होतं तसं तो जुगाडच कायमचा झाला. एक सर्व्हर, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्याच सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये मशीनसाठीचं अख्खं दुसरं डेबियन, आणि ते एनएफएसवरून (नेटवर्कवर फोल्डर वाटायची सोय) सगळ्यांना वाटलेलं. चालतं तेव्हा झकास चालतं. पण दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी प्रॅक्टिकलच्या दहा मिनिटं आधी लॅबचे मामा येऊन सांगतात, सर, स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी आलंय. बघायला जावं तर काही ना काही "नॉट फाउंड".

आधीच सांगतो, कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच नेहमीसारख्या टाइप करा.

पहिल्या दोन वेळा मी काय चूक केली तर एरर वाचली की लगेच ते पॅकेज इन्स्टॉल करायला धावलो. कमांड सापडत नाही ना, मग टाका पॅकेज, विषय संपला. पण नेटवर्क बूटमध्ये "सापडत नाही" हे नेमकं कुठे सापडत नाही ते आधी बघावं लागतं, कारण इथे एकाच मशीनवर दोन वेगळ्या सिस्टिम एकामागोमाग चालतात. मशीन चालू झालं की पीएक्सई (कार्डातला नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्राम) डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी सेवा) पत्ता आणि फाइलचं नाव घेतो, मग टीएफटीपीवरून (साधी फाइल पाठवणारी सेवा) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि इनिटरॅमएफएस येतं, म्हणजे एक छोटीशी बांधून आणलेली पिशवी, तिच्यात नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर आणि मोजकी हत्यारं. ही पिशवी एनएफएसवरचं खरं रूट (सिस्टिमचं मूळ फोल्डर) माउंट करते, म्हणजे जोडून घेते, आणि कारभार त्याच्या हातात देऊन बाजूला होते. तुम्ही पिशवीत अडकलेले असाल तर खऱ्या रूटमध्ये शंभर पॅकेजं टाकून काहीही फरक पडत नाही, आणि खऱ्या रूटमध्ये पोचला असाल तर पिशवी कितीही भरा, उपयोग शून्य.

ओळखायचं कसं? प्रॉम्प्ट बघा. कंसात इनिटरॅमएफएस असं लिहून कर्सर लुकलुकत असेल तर तुम्ही पिशवीत आहात. तिथे एलएसबीएलके, ईथटूल, नॅनो, सिस्टमसीटीएल यातलं काहीच नसतं आणि ते नसणं हा बिघाड नाही, तिथे बिझीबॉक्स (बऱ्याच कमांड एकत्र कोंबलेला छोटा प्रोग्राम) असतो आणि त्याच्यात जेवढं आहे तेवढंच मिळतं. मी एकदा अर्धा तास "एलएसबीएलके नॉट फाउंड" याच्या मागे घालवला होता, खरा प्रॉब्लेम त्याच्या चार ओळी वर लिहिलेला होता आणि मी तो वाचलाच नव्हता. तर तिथे पोचलात की हत्यारं शोधत बसू नका, वरच्या ओळी वाचा, मग "कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन" करून कर्नलला नक्की काय सांगितलं होतं ते बघा, "एलएस /सिस/क्लास/नेट" करून कार्ड दिसतंय का बघा, आणि आयपी मिळाला असेल तर /रन मध्ये नेट- ने सुरू होणारी कार्डच्या नावाची कॉन्फ फाइल तयार झालेली असते ती बघा. एवढ्यावरून निम्म्याहून जास्त केसेस कळतात.

कधीकधी मात्र बिझीबॉक्सही नसतो आणि ग्रेप, व्हीआय असल्या साध्या कमांडलाही "नॉट फाउंड" येतं. हे माझ्या बाबतीत झालं कारण मशीनसाठीचं डेबियन मी हलकं व्हावं म्हणून डेबूटस्ट्रॅपच्या (फोल्डरमध्ये नवं डेबियन उभं करणारं हत्यार) मिनबेस, म्हणजे अगदी कमीत कमी, प्रकाराने बनवलं होतं आणि वर ॲप्टला (पॅकेजं टाकणारं हत्यार) रेकमेंडेड पॅकेजं टाकू नको असं सांगितलं होतं. इनिटरॅमएफएस बनवणारं पॅकेज बिझीबॉक्सला नुसतं रेकमेंड करतं, सक्ती करत नाही, त्यामुळे तो आलाच नाही आणि पिशवीत फक्त केलिबसीची (बूटपुरती बनवलेली छोटी लायब्ररी) चार हत्यारं उरली. उपाय सोपा आहे, सर्व्हरवर मशीनच्या रूटमध्ये सीएचरूट करून (म्हणजे त्या फोल्डरलाच रूट मानून आत शिरून) बिझीबॉक्स टाका, इनिटरॅमएफएस डॉट कॉन्फ मध्ये "बिझीबॉक्स=वाय" करा आणि "अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल" चालवा. ऑटोच्या जागी वाय केल्याचा फायदा असा की उद्या बिझीबॉक्स नसला तर पिशवी बनवतानाच सर्व्हरवर बोंब होते, सकाळी लॅबमध्ये नाही.

त्याच फाइलमध्ये मॉड्यूल्सची (कर्नलला लागेल तसे जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे) ओळ पण बघून घ्या. तिथे "डेप" असेल तर पिशवी ज्या मशीनवर बनतेय त्याच मशीनचे ड्रायव्हर भरते. तुम्ही बनवताय सर्व्हरवर, सर्व्हरचं कार्ड वेगळ्या कंपनीचं, मग लॅबमधल्या मशीनवर "आयपीकॉन्फिग: नो डिव्हायसेस टू कॉन्फिगर" येणारच. तिथे "मोस्ट" किंवा "नेटबूट" ठेवा. आणि नवीन मदरबोर्डवर २.५ गिगाबिटचं रिअलटेक ८१२५ कार्ड असेल तर कर्नल ५.४ च्या आधीचा नको, त्याआधी आर८१६९ ड्रायव्हर ते कार्ड ओळखतच नव्हता.

मिनबेसची अजून एक गंमत. त्यात /एसबिन/इनिट, म्हणजे खऱ्या रूटमध्ये सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, सुद्धा नसतं. आयपी कमांड नाही, पिंग नाही, पीएस नाही, डॉकरच्या डेबियन इमेजसारखा सांगाडा असतो तो. कंटेनरला इनिट लागत नाही म्हणून तिथे चालतं, इथे खरं मशीन बूट करायचंय. जागा वाचवायची हौस असेल तर निदान सिस्टमडी-सिसव्ही, यूडेव्ह, केमॉड, आयप्रूट२ आणि एनएफएस-कॉमन एवढं हाताने टाका. मी आता सरळ साधा डेबूटस्ट्रॅप करतो, काही शे एमबी जास्त गेले तर जाऊ देत.

आता सगळ्यात डोकं खाल्लेली केस. सर्व्हरची डिस्क भरत आली म्हणून एका शनिवारी मी दुसरी डिस्क लावली, मशीनच्या रूटमधलं /यूएसआर तिच्यावर हलवलं आणि होतं त्याच जागी माउंट केलं. सर्व्हरवर सगळं जागच्या जागी दिसत होतं, सीएचरूट करून बघितलं, प्रत्येक कमांड चालत होती, खूष होऊन घरी गेलो. सोमवारी २१ च्या २१ मशीनवर एकच मजकूर, टार्गेट फाइलसिस्टिम डझन्ट हॅव रिक्वेस्टेड /एसबिन/इनिट, आणि खाली नो इनिट फाउंड, ट्राय पासिंग इनिट= बूटआर्ग. मी सर्व्हरवर जाऊन बघतोय तर इनिट तिथेच आहे! परत लॅबमध्ये, परत सर्व्हर रूममध्ये, असे तीन-चार हेलपाटे झाले, तोपर्यंत पहिल्या बॅचला थिअरीच्या वर्गात पाठवलं होतं.

शेवटी मशीनवरच्या त्या अर्धवट प्रॉम्प्टवर "एलएस -एल /रूट" केलं. पिशवीत असताना एनएफएसवरचं रूट /रूट या फोल्डरवर लागलेलं असतं हे लक्षात ठेवा, रूट युजरच्या होम फोल्डरशी त्याचा संबंध नाही. तिथे बिन आणि एसबिन हे दोन्ही नुसते दुवे दिसले, यूएसआरच्या आतल्या फोल्डरकडे बोट दाखवणारे, डेबियन १२ ला असंच लागतं. मग "एलएस /रूट/यूएसआर" केलं आणि काहीच आलं नाही. एकही ओळ नाही. रिकामं फोल्डर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एनएफएस एक्सपोर्ट केलेल्या फोल्डरच्या आत दुसरी फाइलसिस्टिम माउंट केलेली असेल तर एनएफएस आपण होऊन ती ओलांडून पलीकडे जात नाही, त्या माउंटच्या खाली दडलेलं मूळ रिकामं फोल्डरच समोरच्याला दाखवतं. सर्व्हरला सगळं दिसतं आणि क्लायंटला शून्य. पूर्वीच्या पद्धतीत, म्हणजे /बिन वेगळं होतं तेव्हा, निदान शेल आणि माउंट तरी मिळालं असतं, आता सगळंच यूएसआरमध्ये असल्यामुळे यूएसआर गेलं की सगळं गेलं.

उपाय एका शब्दाचा. /ईटीसी/एक्सपोर्ट्स मधल्या त्या ओळीत कंसातल्या पर्यायांमध्ये "क्रॉसएमएनटी" टाकायचं आणि "एक्सपोर्टएफएस -आरए" चालवायचं. "नोहाइड" नावाचा भाऊबंद आहे पण त्याला आतली फाइलसिस्टिम वेगळी ओळ लिहून एक्सपोर्ट करावी लागते, क्रॉसएमएनटीला नाही, म्हणून मी तेच वापरतो. तिथेच आहात तर "नो_रूट_स्क्वॉश" आहे ना तेही बघा, नाहीतर मशीनवरचा रूट सर्व्हरच्या नजरेत कोणीच नसतो आणि फक्त रूटला वाचता येणाऱ्या फाइल उघडत नाहीत. आणि हे एक्सपोर्ट लॅबच्या नेटवर्कपुरतंच ठेवा, सगळ्या जगाला नको.

यापेक्षा वेगळी, पण वरवर तशीच दिसणारी केस म्हणजे रूट मस्त माउंट होतं, मशीन लॉगिनपर्यंत येतं, आणि मुलांचे होम फोल्डर मात्र लागत नाहीत. एरर येते बॅड ऑप्शन, आणि पुढे कसलातरी /एसबिन/माउंट डॉट अमुक हेल्पर प्रोग्राम लागेल असं लांबलचक वाक्य. मी म्हटलं अरे बाबा, तू स्वतः एनएफएसवर चालतोयस आणि मला सांगतोस एनएफएस माउंट करता येत नाही? पण त्यात विरोध काही नाही. रूट माउंट करतं पिशवीतलं केलिबसीचं एनएफएसमाउंट नावाचं छोटं हत्यार, आणि होम माउंट करतं खऱ्या रूटमधलं माउंट डॉट एनएफएस, जे एनएफएस-कॉमन पॅकेजमधून येतं. ते पॅकेज नव्हतं. टाकलं, झालं. जाता जाता, ते केलिबसीचं हत्यार फक्त एनएफएसच्या जुन्या आवृत्त्या बोलतं, ३ पर्यंत. सर्व्हरवर कोणी शहाणपणाने फक्त आवृत्ती ४ चालू ठेवली असेल तर रूटच माउंट होणार नाही, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

आता मूळ दुखणं, जे परत परत येतं. लक्षण असं की मशीन चालू होतं, पण स्क्रीनचं रिझोल्यूशन खालावलेलं, आवाज नाही, आणि पेनड्राइव्ह लावला की "अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट". मॉडप्रोब करावं तर म्हणतं मॉड्यूल नॉट फाउंड इन डिरेक्टरी /लिब/मॉड्यूल्स आणि पुढे कर्नलचा नंबर. पहिल्यांदा मी पेनड्राइव्हलाच शिव्या घातल्या. नीट बघितल्यावर कळलं की मशीनवर "यूनेम -आर" सांगतंय ६.१.०-१८ आणि /लिब/मॉड्यूल्स मध्ये १८ नंबरचं फोल्डरच नाही, तिथे २० आणि २१ बसलेत. का? कारण कर्नल येतो टीएफटीपीच्या फोल्डरमधून आणि मॉड्यूल येतात एनएफएसच्या रूटमधून. सीएचरूट करून ॲप्टने अपडेट केलं की नवा कर्नल रूटमधल्या /बूट मध्ये बसतो, टीएफटीपीच्या फोल्डरला त्याचा पत्ताही नसतो, तिथे जुनाच कर्नल आणि जुनीच पिशवी. जुन्या पिशवीत जुन्या कर्नलचा कार्डचा ड्रायव्हर आणि एनएफएस असतं, त्यामुळे बूट तर होतं, पुढे मात्र काहीही नवीन मॉड्यूल लोड होत नाही.

बरं मग हे पहिल्याच अपडेटला का नाही फुटलं, दोन-तीन महिन्यांनी का फुटतं, यावर मी बराच विचार केला. ॲप्टचं ऑटोरिमूव्ह जुने कर्नल काढताना चालू असलेला कर्नल सोडतं आणि सगळ्यात नवे एकदोन सोडतं. पण सीएचरूटमध्ये चालू असलेला कर्नल म्हणजे सर्व्हरचा! लॅबमधली २१ मशीनं कुठल्या कर्नलवर आहेत हे ॲप्टला कळायला काही मार्गच नाही. म्हणून एक अपडेट निभावतं, जुनं फोल्डर अजून पडून असतं, आणि त्याच्या पुढच्या एखाद्या अपडेटला ऑटोरिमूव्ह ते साफ करून टाकतं. तुम्ही त्या दिवशी काहीच बदललेलं नसतं असं तुम्हाला वाटत असतं, आणि खरंच, बदल तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेला असतो.

यावर लिंक करून टाकायचा मोह होतो, मलाही झाला, टीएफटीपीच्या फोल्डरमधून रूटमधल्या कर्नलकडे सिमलिंक. चालत नाही. डेबियनमधला टीएफटीपीडी-एचपीए "सिक्युअर" पर्यायाने चालतो, म्हणजे स्वतःला /एसआरव्ही/टीएफटीपी मध्येच कोंडून घेतो, त्याच्या बाहेर जाणारा दुवा त्याच्यासाठी तुटलेलाच. कॉपीच करावी लागते. आणि कॉपी करताना दोन्ही करा, कर्नल आणि पिशवी, एक नवं एक जुनं असं झालं तर कार्डचा ड्रायव्हरच लोड होत नाही आणि तुम्ही परत त्या कंसातल्या प्रॉम्प्टवर. (हेही मी करून बसलोय, फोन आला म्हणून मध्येच उठलो आणि परत आल्यावर वाटलं झालंय दोन्ही.)

म्हणून आता सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट आहे आणि मशीनचं रूट मी त्या स्क्रिप्टशिवाय अपडेट करतच नाही. ती सीएचरूट करून ॲप्ट चालवते, मग रूटच्या मुळाशी व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी डॉट आयएमजी नावाचे जे दुवे असतात, जे कायम सगळ्यात नव्या कर्नलकडे बोट दाखवतात, त्यांची "सीपी -एल" ने, एल कॅपिटल, टीएफटीपीत कॉपी करते, दोन्हींना "सीएचमॉड ६४४" करते, आणि शेवटी "एलएसइनिटरॅमएफएस" ने पिशवी उघडून आत एनएफएस डॉट केओ आणि आमच्या कार्डचा ड्रायव्हर आहे का ते ग्रेप करते, नसेल तर लाल अक्षरात ओरडते. तो ६४४ उगाच नाही, उबंटूत कर्नलची फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी असते आणि टीएफटीपीचा युजर रूट नसतो, त्यामुळे फाइल समोर असून देता येत नाही.

ही स्क्रिप्ट लिहिताना पण एक किस्सा झाला तो सांगतोच. मशीनवर बूटच्या वेळी चालणारी एक सर्व्हिस होती, प्रिंटर जोडून देणारी, तिची स्क्रिप्ट आमच्या एका सहकाऱ्याने ऑफिसच्या विंडोज मशीनवरच्या एडिटरमध्ये उघडून प्रिंटरचा आयपी बदलला आणि सेव्ह केली. दुसऱ्या दिवसापासून सर्व्हिस फेल, स्टेटसमध्ये २०३ आणि ईएक्सईसी. फाइल आहे, परवानगी आहे, हाताने चालवली तर बॅश म्हणतो कॅनॉट एक्झिक्यूट, रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड. कुठली फाइल रे? माझ्या समोर आहे ना ती! "कॅट -ए", ए कॅपिटल, करून बघितलं तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी आणि एम. विंडोजने ओळ तोडताना घातलेलं ते अक्षर पहिल्या ओळीतल्या /बिन/एसएच ला चिकटलं होतं, आणि एसएचच्या मागे अदृश्य अक्षर लावलेला प्रोग्राम कुठे सापडणार? डॉस-टू-युनिक्स केलं, चाललं. तर "नॉट फाउंड" म्हणजे दर वेळी तुम्ही मागितलेली फाइल नाही असं नसतं, ती चालवायला लागणारी दुसरी फाइलही नसू शकते. पिशवीत बॅश नसतो, तिथल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं की तीच एरर. ६४ बिटच्या रूटमध्ये जुना ३२ बिट प्रोग्राम टाकला तरी तसंच. आणि पिशवीत हाताने ईथटूल नुसतं सीपी करून टाकलंत तर ते लिबएमएनएल नाही म्हणून रडेल, त्यासाठी हुकमध्ये (पिशवी बनताना चालणारी छोटी स्क्रिप्ट) "कॉपी_एक्झेक" वापरा, ते सोबतच्या लायब्ररी पण उचलून आणतं. हुकच्या फाइलला एक्झिक्यूटची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ती गुपचूप वगळली जाते आणि कोणी काही बोलत नाही.

कर्नल पॅनिकच आला असेल, म्हणजे प्रॉम्प्टही नाही, तर कंसातले दोन आकडे बघा. अननोन-ब्लॉक (०,०) असेल तर बहुतेक वेळा पिशवी कर्नलपर्यंत पोचलेलीच नाही, यूईएफआयवर (बायोसचा नवा अवतार) आयपीएक्सई (पीएक्सईची सुधारित आवृत्ती) वापरत असाल तर कर्नलच्या ओळीत "इनिटआरडी=" आणि पिशवीच्या फाइलचं नाव आहे का ते तपासा. (०,२५५) असेल तर कर्नल स्वतःच एनएफएस रूट माउंट करायला गेला होता आणि तिथे हरला. आणि याच्याही आधी, पीएक्सईच्या काळ्या स्क्रीनवरच "एलडीलिनक्स डॉट सी३२" लोड होत नाही असं आलं तर पीएक्सईलिनक्स (कर्नल उचलून आणणारा बूटलोडर) ५ किंवा पुढचा आहे आणि ती फाइल त्याच्या शेजारी ठेवायची राहिलीय, आणि दोन्ही एकाच आवृत्तीच्या लागतात.

काही तक्रारी नेटवर्क बूटच्या नसतातच. "इफकॉन्फिग नाही" म्हणजे नेट-टूल्स नाही, डेबियन ९ पासून ते आपोआप येत नाही, "आयपी ए" वापरा. "रीबूट नॉट फाउंड" म्हणजे कोणीतरी नुसतं "एसयू" केलंय, डेबियन १० पासून "एसयू -" असं डॅश लावून करावं लागतं नाहीतर एसबिन पाथमध्ये येत नाही.

पिंगची तक्रार मात्र खरी नेटवर्क बूटचीच निघाली. मला, म्हणजे रूटला, पिंग होत होतं आणि मुलांना "ऑपरेशन नॉट परमिटेड". झालं असं की पिंगला परवानगी मिळते फाइलला चिकटवलेल्या कॅपेबिलिटीतून (खास अधिकाराची खूण), पॅकेज टाकलं सर्व्हरच्या डिस्कवर म्हणून ती तिथे नीट चिकटली, पण एनएफएस ती पलीकडे नेतच नाही, मशीनला दिसतो नुसता बिनापरवान्याचा पिंग. "सीएचमॉड यू+एस" केलं की चालतं, पण पॅकेज अपडेट झालं की परत जातं, म्हणून तीही ओळ त्याच स्क्रिप्टच्या शेवटी टाकून ठेवलीय.